शिळ्या कढीला ऊत

एखादी गोष्ट आवडली की ती पुन्हा हवीशी वाटणे हा मनुष्याचा स्वभावधर्म आहे. आजीने गोष्ट संपविली की नातवंडे 'पुढे काय झाले?' म्हणून विचारतात, आणि पुढे काहीच झालेले नसले तरी बिचाऱ्या आजीस काहीतरी रचून सांगावे लागते. या एका प्रश्नावर आज जगातील एक फार मोठा व्यापार उभा आहे. चित्रपटाच्या धंद्यात एक कृती लोकप्रिय झाली की तिचा दुसरा भाग निघतो, दुसऱ्यामागून तिसरा व तिसऱ्यामागून चौथा. आणि पहिल्या भागाच्या वेळी ज्यांनी टाळ्या वाजविल्या तेच लोक पुढल्या प्रत्येक भागाच्या दारात रांग लावून उभे राहतात. या प्रकारास आपल्या भाषेत एक जुना व चपखल वाक्प्रचार आहे: शिळ्या कढीला ऊत आणणे. परंतु प्रत्येक पुढचा भाग ही शिळी कढीच असते काय? आणि नसेल, तर ताजे कोणते व शिळे कोणते हे ओळखावे कसे? या प्रश्नाचा थोडा विचार आमच्या विद्यार्थिमित्रांनी व त्यांच्या पालकांनी करावा, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

सन २०२२ च्या जून महिन्यात, उन्हाळ्याची सुटी संपत आली असता, आमच्या तिघा शाळासोबत्यांनी नागपुरास जाऊन 'ज्युरासिक वर्ल्ड डोमिनियन' हा चित्रपट पाहण्याचा बेत केला व त्यात आम्हांसही ओढले. या सोबत्यांपैकी एक काटोलकडे संत्र्याची बाग करतो, दुसरा बँकेत नोकरीस आहे, तिसऱ्याचे औषधांचे दुकान आहे. दुकानदार सोबत्याने आपला तेरा वर्षांचा मुलगाही बरोबर घेतला होता. करोनाच्या साथीमुळे दीर्घकाळ बंद राहिलेली चित्रपटगृहे काही महिन्यांपूर्वीच पूर्ववत भरू लागली होती. संसाराच्या रगाड्यात वर्षवर्ष एकमेकांचे तोंड न पाहणारे आम्ही चौघे त्या निमित्ताने एकत्र जमलो, याला एक जुने कारण होते.

'ज्युरासिक पार्क' हा चित्रपट अमेरिकेत १९९३ साली निघाला आणि १९९४ साली हिंदी बोलू लागून आपल्या देशात आला. त्या वेळी आम्ही चौघे हायस्कुलात शिकत होतो. तालुक्याच्या टॉकीजमध्ये, लोखंडी खुर्च्यांवर, करकरणाऱ्या पंख्यांखाली आम्ही तो पाहिला. तिकिटाचे पैसे प्रत्येकाने कसे जमविले हा एका स्वतंत्र लेखाचा विषय होईल. परंतु त्या दिवशी जे पाहिले ते पुढे कित्येक महिने मधल्या सुटीत आमच्या बोलण्यात होते, आणि वर्गात पाण्याचा पेला हलला तरी आम्ही एकमेकांकडे पाहून हसत असू.

पाण्याच्या पेल्याचा उल्लेख आम्ही सहज केलेला नाही. ज्यांनी तो चित्रपट पाहिला आहे त्यांस तो प्रसंग आठवेल. रात्रीची वेळ आहे, पाऊस पडत आहे, कुंपणाजवळ दोन मोटारी बंद पडल्या आहेत. मोटारीत ठेवलेल्या पेल्यातील पाण्यावर एकाएकी गोल गोल तरंग उमटतात. प्राणी अजून दिसलेला नाही. परंतु त्याचे वजन, त्याची चाल आणि त्याची भूक ही सारी त्या तरंगांत दिसतात. हे तरंग उठविण्यासाठी दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या कारागिरांनी मोटारीच्या आतल्या अंगास गिटारची तार ताणून बांधली होती व ती छेडून पाणी थरथरविले होते. सुमारे दोन तास सात मिनिटांच्या त्या चित्रपटात डायनोसॉर प्रत्यक्ष दिसतात ते अवघी पंधरा मिनिटे, आणि त्यांतील सर्वांत भयंकर जो टायरॅनोसॉरस, तो जवळजवळ अर्धा चित्रपट उलटून जाईपर्यंत पडद्यावर येतच नाही. उरलेला वेळ आपण त्याची वाट पाहत असतो, आणि वाट पाहता पाहता एका प्रश्नाकडे ओढले जातो: जी गोष्ट करण्याचे सामर्थ्य मनुष्यास लाभले ती त्याने करावीच काय? कोट्यवधी वर्षांपूर्वी नाहीसे झालेले प्राणी तिकीट लावून दाखविण्यासाठी पुन्हा जन्मास घालणाऱ्या एका धनिकाची ती कथा आहे. मुलांस त्यात प्राणी दिसतात, मोठ्यांस प्रश्न दिसतो, आणि दोघेही एकाच वेळी घाबरतात. हेच त्या कृतीचे यश होते.

आता २०२२ च्या चित्रपटाकडे वळू. त्याच्या आधीचा भाग २०१८ साली आला होता व त्याच्या शेवटी हे प्राणी बंदिवासातून सुटून मनुष्याच्या वस्तीत शिरले होते. तेव्हा आता मनुष्य व डायनोसॉर शेजारी शेजारी कसे राहतात, शेते कशी पिकतात, मुले शाळेत कशी जातात, हे पाहावयास मिळेल अशी सर्वांची साहजिक अपेक्षा होती. आरंभीची काही मिनिटे तसा भासही झाला. परंतु लवकरच कथा निराळ्याच दिशेस निघाली. एका कंपनीने प्रयोगशाळेत राक्षसी आकाराचे टोळ निर्माण केले असून ते त्या कंपनीच्या बियाण्याचे पीक सोडून बाकी सर्व पिके खातात, हा मुख्य विषय झाला. मध्येच माल्टा बेटावर मोटारसायकलींचा पाठलाग झाला. मग सारी पात्रे इटलीच्या डोंगरांतील एका खोऱ्यात जमली. पहिल्या चित्रपटातील सॅम नील, लॉरा डर्न व जेफ गोल्डब्लम हे तिघे नट पुन्हा एकत्र आले होते. त्यांचे चेहरे पाहून क्षणभर बरे वाटले. पण लग्नघरी भेटलेल्या दूरच्या नातलगांप्रमाणे त्यांनी एकमेकांची विचारपूस केली आणि नंतर पाठीमागे प्राणी लागला म्हणून इतरांबरोबर तेही धावू लागले.

चित्रपटाची लांबी दोन तास सत्तावीस मिनिटे होती. बँकेतील सोबती मध्यंतराच्या आधीच पेंगू लागला. प्रत्येक डरकाळीसरशी तो दचकून जागा होई, 'कोण मेले?' म्हणून विचारी, आणि 'अजून कोणी नाही' असे उत्तर मिळताच पुन्हा डोळे मिटी. मध्यंतरात पॉपकॉर्नच्या रांगेत उभे असता काटोलचा सोबती म्हणाला, "अरे, टोळ पाहायला एवढ्या लांब यायची काय गरज होती? वीस साली ते आमच्या भागात फुकट आले होते!" आम्ही सारे मोठ्याने हसलो. २०२० सालच्या मे महिन्यात अमरावती, वर्धा व नागपूर या जिल्ह्यांत खरोखरीच टोळधाड आली होती, आणि शेतकऱ्यांनी रात्री जागून, डबे व थाळ्या बडवून आपली झाडे राखली होती. सोबत्याच्या थट्टेत चित्रपटाची सारी समीक्षा आली होती. त्याच्या भागात आलेले टोळ बोटाएवढे होते, तरी त्यांच्या भयाने त्याची झोप उडाली, कारण झाडे त्याची होती. पडद्यावरचे टोळ मांजराएवढे असूनही कोणास त्यांचे भय वाटले नाही, कारण ज्यांचे पीक जात होते त्यांच्यापैकी एकाचेही सुखदुःख आम्हांस कोणी सांगितले नव्हते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २०२२ च्या चित्रकारांजवळ साधने थोडी होती असे नाही. १९९३ साली जे करणे अशक्यप्राय होते ते आज संगणकाच्या साहाय्याने सहज करता येते. प्राणी अधिक होते, अधिक मोठे होते, आणि अधिक वेळ दिसत होते. तरी थरार कमी होता. भूक नसलेल्या माणसाच्या पानात आणखी चार पदार्थ वाढल्याने जेवणाची गोडी वाढत नाही, तसाच हा प्रकार होय.

आणि नवल असे की हा रोग या चित्रपटांनी स्वतःच ओळखला होता. २०१५ साली याच मालिकेतील 'ज्युरासिक वर्ल्ड' हा चित्रपट निघाला. त्यात प्राण्यांच्या बागेच्या मालकाची भूमिका आपले इरफान खान (१९६७-२०२०) यांनी केली होती. त्या कथेत अशी कल्पना आहे की लोकांस आता साध्या डायनोसॉरचे कौतुक उरलेले नाही. म्हणून गर्दी टिकविण्यासाठी चालक पूर्वी कधीच नव्हता असा, अधिक मोठा व अधिक हिंस्र प्राणी तयार करवितात, आणि तोच पुढे साऱ्यांच्या जिवावर उठतो. बागेच्या चालकांची जी चूक कथेत दाखविली, तीच चूक कथाकारांनी पुढे आपल्या धंद्यात केली! स्वतःच शिकविलेला धडा स्वतःच विसरण्याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

हे असे का घडते? कारण पुढचा भाग निघतो तेव्हा पुष्कळदा 'सांगावयाचे काय उरले आहे?' हा प्रश्न कोणी विचारीतच नाही. 'मिळवावयाचे काय उरले आहे?' एवढाच विचारला जातो. मूळ कादंबरी मायकेल क्रायटन यांनी १९९० साली लिहिली, तीत एक गणितज्ञ अखेरीस मरण पावल्याचे सांगितले होते. चित्रपटात हेच पात्र लोकांस फार आवडले. पुढची कादंबरी १९९५ साली आली तेव्हा क्रायटन यांनी त्या मृतास पुन्हा जिवंत करून तिचा नायक केले. जेथे लोकांच्या आवडीपुढे मरणाचेही काही चालत नाही, तेथे कथेच्या शेवटाचा मान कोण राखणार? व्यापाऱ्यास आम्ही सर्वस्वी दोष देत नाही. २०२२ च्या चित्रपटास बहुतेक समीक्षकांनी नाके मुरडली. तथापि जगभर मिळून त्याचे उत्पन्न शंभर कोटी डॉलरांच्या वर गेले, आणि २०२५ साली या मालिकेचा आणखी एक भाग आलाही. चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाचा सुस्कारा व्यापाऱ्याच्या कानापर्यंत पोहोचत नाही. आत शिरताना त्याने मोजलेले पैसे तेवढे पोहोचतात.

यावर कोणी म्हणेल, "गुरुजी, ही केवळ करमणूक आहे, हिच्यापायी इतके गंभीर होण्याचे कारण काय?" करमणुकीस आमचा विरोध नाही, असता तर आम्ही गेलोच नसतो. परंतु आणखी एक आक्षेप याहून वजनदार आहे, तो असा की दुसरा भाग म्हटला की तो वाईटच असावयाचा. तेव्हा असले भाग काढूच नयेत. हे मत आम्हांस मान्य नाही. भवभूतीने रामाच्या पूर्वचरित्रावर 'महावीरचरित' लिहिले व उत्तरचरित्रावर 'उत्तररामचरित'; आणि रसिकांनी त्याच्या नाटकांत उत्तररामचरितासच अग्रपूजेचा मान दिला आहे. पूर्वचरित्रात पराक्रम होता. राज्याभिषेकानंतर राजाचे कर्तव्य व पतीचे प्रेम यांचा जो झगडा झाला तो सांगावयाचा राहिला होता, आणि त्यासाठी दुसरे नाटक हवेच होते. इंग्रज ग्रंथकार जॉन बन्यन याच्या ज्या ग्रंथाचे हरि केशवजी यांनी १८४१ साली 'यात्रिकक्रमण' या नावाने मराठी रूपांतर केले, त्याचा पहिला भाग मुळात १६७८ साली प्रसिद्ध झाला. त्यात नायक बायकामुलांस मागे टाकून एकटाच प्रवासास निघतो. मागे राहिलेल्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न वाचकाच्या मनात राहतोच. बन्यनने १६८४ साली दुसरा भाग लिहून त्या बायकोचा व मुलांचा प्रवास सांगितला. अलीकडील उदाहरण हवे असेल तर राजकुमार हिरानी यांचा 'मुन्नाभाई एम.बी.बी.एस.' (२००३) व त्याचा पुढचा भाग 'लगे रहो मुन्नाभाई' (२००६) घ्या. माणसे तीच, त्यांची बोलीही तीच. परंतु दुसऱ्या वेळी दिग्दर्शकाने त्यांस रुग्णालयात परत न नेता गांधीजींच्या विचारांसमोर उभे केले. जुनी ओळख आणि नवा प्रश्न, असा तो संयोग होता. तात्पर्य, दुसरा भाग असणे हा दोष नव्हे. सांगण्यासारखे काही नसताना तो काढणे हा दोष होय.

पहिल्या कृतीचे नाव हे बँकेतील ठेवीसारखे असते. ज्याने ती ठेव श्रमाने जमविली त्याच्या मागून येणारा तीत भर घालू शकतो, किंवा तीतून नुसते काढीत राहू शकतो. 'ज्युरासिक' हे नाव ऐकून आम्ही पाच माणसे एवढ्या लांब गेलो, ही १९९३ ची ठेव होती. आता तेच नाव पुन्हा ऐकले तर तिघे जातील, त्यानंतर एक. ठेव अशीच संपते, एकदम बुडत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. खेळ सुटल्यावर आम्ही चहाच्या टपरीवर बसलो. दुकानदार सोबत्याने मोठ्या उत्सुकतेने मुलास विचारले, "काय, कसा वाटला?" मुलगा थोडा वेळ गप्प राहिला व म्हणाला, "बाबा, तुम्ही नेहमी सांगता तो हाच का?" पित्याचा चेहरा पडला. हा बाप वाईट नव्हे, अतिशय प्रेमळ आहे. १९९४ साली आपणांस जो आनंद झाला तो जसाच्या तसा मुलाच्या हाती द्यावा, एवढीच त्याची इच्छा होती. परंतु आनंद हा वडिलोपार्जित शेतीसारखा वारसाहक्काने सातबाऱ्यावर चढत नाही. प्रत्येकास तो नव्याने मिळवावा लागतो.

थोड्या वेळाने तोच मुलगा आमच्याकडे वळून म्हणाला, "सर, असले प्राणी आपल्याकडे खरेच होते का?" आम्ही त्यास सांगितले की होते, आणि फार दूर नव्हे, चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळील पिजदुरा येथे त्यांचे अवशेष सापडतात. नागपुरास शाळा चालविणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप (१८१७-१८६३) यांनी फावल्या वेळी या प्रदेशातील खडकांतून जीवाश्म वेचून काढले होते. पिजदुऱ्यास तर डायनोसॉरच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे मिळतात. हे ऐकून मुलगा प्रथम खो खो हसला. मग आम्ही सांगितले की शास्त्रज्ञांनी ते गोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले तेव्हा त्यांत गवताच्या पात्यांत तयार होणारे वाळूसारखे सूक्ष्म कण आढळले, आणि डायनोसॉर जिवंत असतानाच पृथ्वीवर गवत उगवले होते हे २००५ साली जगास समजले. तोवर गवत हे डायनोसॉरनंतरचे, असा समज रूढ होता. मुलाचे हसणे थांबले. "म्हणजे शेणात सापडले?" असे त्याने विचारले, आणि त्यामागोमाग त्याचे प्रश्न सुरू झाले, ते गाडीत बसेपर्यंत थांबले नाहीत. अडीच तासांच्या डरकाळ्यांनी जे झाले नाही ते दगड झालेल्या शेणाच्या एका गोळ्याने झाले. पित्याचा आनंद त्याला मिळाला नाही. त्याचा स्वतःचा मिळाला.

पालकवर्गास आमची नम्र विनंती याच संदर्भात आहे. शाळेच्या कचेरीत प्रवेशाच्या दिवसांत आम्ही प्रतिवर्षी एक देखावा पाहतो. वडील म्हणतात, "मला डॉक्टर व्हावयाचे होते, परिस्थितीमुळे राहून गेले; आता हा होईल." कोणी थोरल्या मुलीची गुणपत्रिका धाकट्यासमोर धरून सांगतात, "हिच्यासारखे गुण आण." बोलणाऱ्यांच्या मायेविषयी आम्हांस शंका नाही. परंतु मूल म्हणजे आपल्या आयुष्याचा दुसरा भाग नव्हे, की त्याच्या थोरल्या भावंडाचाही नव्हे. त्याच्यावर जुन्या कथेचे नाव चिकटविले व जुनीच पात्रे त्याच्याभोवती नाचविली, तर तेही त्या चित्रपटासारखे उगाच धावत सुटेल, आणि आपण कशासाठी धावत आहोत हे त्यास कळणार नाही. त्याच्याजवळ सांगावयाचे काय आहे, हे त्याला आधी विचारावे व त्याच्या उत्तराची थोडी वाट पाहावी. वाट पाहण्याने काय साधते हे पाण्याच्या पेल्याने दाखविले आहे.

विद्यार्थिमित्रांसही दोन शब्द सांगतो. तुमच्यापैकी कित्येकांच्या पाठीशी चांगली नावे आहेत. कोणाची आजी या शाळेतून शिकून शिक्षिका झाली, कोणाचा भाऊ खेळाच्या मैदानावर नाव मिळवून गेला. त्या नावाने दारे लवकर उघडतील. तेथे पाऊल टाकल्यावर मात्र लोक तुमच्याच तोंडाकडे पाहतील, आणि जुन्या टाळ्यांचा प्रतिध्वनी फार वेळ पुरणार नाही. ज्यांच्या पाठीशी कोणतेच नाव नाही त्यांनी खिन्न होऊ नये. त्यांची कथा पहिल्या भागापासून सुरू होत आहे, हे काही लहान भाग्य नव्हे. आणि चित्रपट असो, पुस्तक असो वा मित्राने लिहिलेली कविता असो, ती कशी वाटली असे कोणी विचारले तर पैसे गेले म्हणून वा सोबत्यांस वाईट वाटेल म्हणून तिची खोटी वाखाणणी करू नये. त्या मुलाने दिले तसे सरळ व सभ्य उत्तर द्यावे.

हा वार्षिक अंकही दरवर्षी निघणारा पुढचा भागच आहे. मुखपृष्ठावरील नाव तेच, बोधचिन्ह तेच, मागील अंकांची पुण्याईही त्याच्या पाठीशी आहे. पुढल्या वर्षी ज्यांना यात लिहावयाचे असेल त्यांनी मागील अंक चाळून तसलेच काहीतरी उतरविण्याच्या आधी, आपणांस खरोखर काय सांगावयाचे आहे हे स्वतःस एकदा विचारावे, आणि मग लेखणी उचलावी.